प्लगिनचा जमाना आणि पडद्यावरची मराठी

जळगावहून भुसावळकडे निघाले, की जुन्या सहा क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर नशिराबाद लागते. रेल्वेने यायचे तर भादली स्थानक जवळचे. केळी आणि कापूस पिकवणाऱ्या या पट्ट्यात प्रत्येक घराला वर्षातून एकदा तरी सातबाऱ्याचा उतारा लागतोच. पीककर्जाला लागतो, विम्याला लागतो, वाटणीला आणि खरेदीखताला तर लागतोच लागतो. पूर्वी त्यासाठी तलाठ्याच्या दप्तराकडे जावे लागे. आज सेवा केंद्रातला मुलगा संगणकावर विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडतो, गट क्रमांक टाकतो आणि उतारा पडद्यावर येतो. गट क्रमांक आठवत नसेल तर नावावरून शोधता येते. मात्र ते नाव मराठीत, देवनागरीत टाकावे लागते.

हे शेवटचे वाक्य आज कुणाच्या लक्षातही येत नाही, इतके ते साधे झाले आहे. पण ब्राउझरच्या एका चौकटीत देवनागरी अक्षरे उमटावीत, ती सर्व्हरला कळावीत आणि उत्तर पुन्हा देवनागरीतच यावे, एवढे घडण्यासाठी वीस-पंचवीस वर्षे लागली. त्या काळात जगात पडद्यावरच्या तंत्रांची एक मोठी शर्यत झाली. जावा ॲपलेट, ॲक्टिव्हएक्स, फ्लॅश, फ्लेक्स, सिल्व्हरलाइट, जावाएफएक्स ही त्यातली नावे. मोठमोठ्या कंपन्यांनी, सरकारांनी आणि बँकांनी त्यांतून निवड केली, त्यावर पैसा लावला, आणि आज त्यातले जवळजवळ काहीही ब्राउझरमध्ये चालत नाही. या शर्यतीचा इतिहास इंग्रजीत पुष्कळ लिहिला गेला आहे. मराठीच्या बाजूने तो कसा दिसतो, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

मोडीचा दाखला

लेखनाच्या तंत्रांत निवड करण्याची वेळ मराठीवर पूर्वीही आली होती. दप्तरी कामासाठी मोडी ही वेगाची लिपी होती. बोरू न उचलता ओळ पुरी करता येई, म्हणून पेशवाईत आणि नंतर इंग्रजी अमलातही महसुलाचे, व्यवहाराचे लेखन मोडीत होत राहिले. छापखाना आल्यावर मात्र मोडीचे गुण तिचेच दोष ठरले. अक्षरे एकमेकांत मिसळलेली, एकाच अक्षराची वळणे अनेक. त्यांचे सुटे खिळे पाडणे अवघड. सेरामपूरला मोडीचे खिळे पाडले गेले, पुस्तकेही छापली गेली. पण टिकली ती बाळबोध. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून आणि कचेरीतूनही गेली.

परिणाम काय झाला, हे खानदेशात धुळ्याला गेल्यावर कळते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांच्या जतनासाठी पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. अशा संग्रहांतले कागद अजून शाबूत आहेत, शाईही वाचण्याजोगी आहे. वाचणारे मात्र मोजके. कागद नष्ट न होताही मजकूर हातातून जाऊ शकतो, ही गोष्ट मोडीने आपल्याला शिकवली. पुढे येणाऱ्या हकिकतीत ती पुन्हा पुन्हा आठवावी लागेल.

१९९५ : एकाच वर्षात तीन गोष्टी

२३ मे १९९५ रोजी सन मायक्रोसिस्टिम्सने जावा जाहीर केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नेटस्केपने जावास्क्रिप्टची घोषणा केली. जावा आणि जावास्क्रिप्ट यांच्या नावांत साम्य असले, तरी नाते केवळ जाहिरातीपुरते होते. जावा ही गंभीर कामाची भाषा समजली जाई. ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत पहिला आराखडा उभा केलेली जावास्क्रिप्ट ही पानावर किरकोळ हालचाल घडवण्यापुरती मानली जाई. पंचवीस वर्षांनी ही उतरंड उलटी झालेली असेल, असे तेव्हा फारसे कुणाला वाटले नसावे.

त्या काळचे वेबपान म्हणजे वाचायचा कागद होता. बटण दाबले की मागणी सर्व्हरकडे जाई आणि अख्खे पान पुन्हा उतरे. फॉर्म भरताना एक चूक झाली तर सगळे नव्याने. संगणकावर बसवलेल्या प्रोग्रॅमसारखी सफाई पानावर यावी, यासाठी ब्राउझरला बाहेरून एक जोड लावण्याची कल्पना निघाली, तेच प्लगिन. १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश नावाचे ॲनिमेशनचे साधन आले. मॅक्रोमीडियाने ते विकत घेतले आणि त्याचे नाव फ्लॅश झाले. २००२ मध्ये मॅक्रोमीडियाच्या जेरेमी अलेर यांनी एका टिपणात अशा पानांना 'रिच इंटरनेट ॲप्लिकेशन' हे नाव दिले. पान न बदलता माहिती बदलणारे, ओढता-सरकवता येणारे, चित्र-ध्वनी सांभाळणारे पान, असा त्याचा अर्थ. २००४ मध्ये अशी पाने बांधण्यासाठी फ्लेक्स आले. २००५ च्या अखेरीस मॅक्रोमीडियाच अडोबीच्या मालकीची झाली.

फाँटच्या कुलपातली मराठी

हे सगळे चालू असताना मराठीची अडचण फारच प्राथमिक होती. पडद्यावर 'क' कसा उमटवायचा, इथपासून सुरुवात होती.

भारतीय लिप्यांसाठी समान संकेतप्रणाली बांधण्याचे काम आपल्याकडे लवकर झाले होते. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या पुढाकाराने जिस्ट तंत्र तयार झाले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते वाढले. इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतलेली आहे. म्हणजे पाया तयार होता. पण छपाईच्या धंद्याने वेगळी वाट धरली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे: एका जागी अर्धा क, दुसऱ्या जागी काना, तिसऱ्या जागी रफार. संगणकाच्या लेखी तो इंग्रजी मजकूरच. डोळ्यांना दिसणारी मराठी फक्त फाँटची. श्री-लिपी, आकृती आणि इतर संच याच रीतीने चालत, आणि प्रत्येकाची जागावाटणी निराळी. एका फाँटमधला लेख दुसऱ्या फाँटमध्ये उघडला, की अगम्य चिन्हांची रास.

कागदावर छापून मोकळे होणाऱ्यांना याने फरक पडत नव्हता. आंतरजालावर मात्र वाचकाच्या संगणकावर तोच फाँट असणे भाग होते. मग वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर 'आधी फाँट उतरवून घ्या' अशी सूचना आली. त्यावर उपाय म्हणून पानासोबत आपोआप उतरणारे फाँट आले, आणि इथे मराठी प्रथमच जागतिक शर्यतीत सापडली. नेटस्केपचा एक प्रकार, मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररचा दुसरा. एकाचा फाँट दुसऱ्यात चालत नसे. पुढच्या नेटस्केपने आपला प्रकार सोडून दिला आणि अनेक मराठी पाने केवळ इंटरनेट एक्सप्लोररपुरती उरली. त्यांतला मजकूर शोधयंत्रांना इंग्रजी अक्षरांचा कचरा वाटे. बातमी आंतरजालावर असूनही शोधून सापडत नसे.

कोंडी फुटली ती विंडोज २००० पासून. त्यात देवनागरीची युनिकोड व्यवस्था आणि 'मंगल' हा फाँट आला. त्याचे रेखाटन आपल्या र. कृ. जोशी यांचे. सुलेखनकार, कवी आणि अक्षरांचे शिक्षक असलेल्या जोशींनी घडवलेली ही अक्षरे पुढची कित्येक वर्षे कोट्यवधी पडद्यांवर देवनागरीचा चेहरा होऊन राहिली. मराठीच्या खास गरजा भागायला आणखी वेळ लागला. 'अॅ' या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ च्या ५.१ आवृत्तीत.

लिहिण्याची चौकट

वाचायची सोय झाली, लिहायची नव्हती. सायबर कॅफेतल्या किंवा कचेरीतल्या संगणकावर मराठी कळफलक बसवण्याची परवानगी नसे, आणि इन्स्क्रिप्टची मांडणी थोड्यांनाच अवगत होती. अशा वेळी ज्या गोष्टीने काम केले ती फ्लॅश नव्हती, जावाही नव्हती. ती होती साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली टंकनाची चौकट.

मायबोली हे संकेतस्थळ १९९६ च्या गणेश चतुर्थीला परदेशस्थ मराठी माणसांनी सुरू केले. युनिकोड घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी. २००४ मध्ये आलेले मनोगत आरंभापासून युनिकोडात होते. तिथे पानातच रोमन कळांनी देवनागरी लिहिता येई आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी शुद्धिचिकित्सकही होता. ॐकार जोशी यांनी तयार केलेले 'गमभन' अनेक मराठी स्थळांनी आणि अनुदिनीकारांनी वापरले. काही उतरवायचे नाही, काही बसवायचे नाही; पान उघडले की लिहायला लागायचे.

यामागचे काम दिसते त्यापेक्षा नाजूक आहे. के ही कळ दाबली की 'क्' उमटायचा; पुढे ए आला की हलन्त जाऊन 'क' व्हायचा; पुन्हा ए आला की 'का'. म्हणजे प्रत्येक कळीला मागे काय लिहिले आहे ते पाहून, लिहिलेले पुसून, नवे घालायचे, तेही कर्सर मध्येच कुठे असला तरी. हे सारे ब्राउझरच्या आत, सर्व्हरला न विचारता आणि लिहिणाऱ्याच्या बोटांच्या वेगाने. 'रिच इंटरनेट ॲप्लिकेशन' या शब्दाची कोणतीही व्याख्या घ्या, ही चौकट तिच्यात बसते. मराठीतले पहिले खरे उपयोगाचे असे ॲप्लिकेशन हेच होते, असे माझे मत आहे. त्यात रंग नव्हते, हालचाल नव्हती. पण ज्याला आजवर फक्त वाचक राहावे लागत होते, तो तिच्यामुळे लिहिता झाला. मे २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियानेही पुढे 'नारायम्'सारख्या साधनांनी हीच सोय दिली.

शर्यत आणि देवनागरी

२००४ ते २०१० हा या शर्यतीचा ऐन भर. एप्रिल २००४ मध्ये जीमेल आणि फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आले. कोणतेही प्लगिन न लावता नकाशा हाताने सरकतो, हे पाहून जाणकार चकित झाले. पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरशी बोलण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ च्या एक्सप्लोररमध्येच दिली होती. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या रीतीला 'एजॅक्स' हे नाव दिले. दुसरीकडे २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सिल्व्हरलाइट आले, त्याच वर्षी सनने जावाएफएक्स जाहीर केले, तर २००८ च्या आरंभी अडोबीने फ्लॅशला डेस्कटॉपवर आणणारे एअर बाजारात आणले. कोणत्या तंत्रावर नवी इमारत बांधावी, याच्या चर्चांनी तांत्रिक नियतकालिके भरून गेली. निकष ठरलेले: किती संगणकांवर चालते, किती वेगाने चालते, बांधणाऱ्याला किती सोपे पडते.

मराठीचा निकष या यादीत नव्हता. जोडाक्षर नीट जुळते का, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते का, मजकूर उचलून दुसरीकडे ठेवता येतो का, शोधता येतो का, हे प्रश्न विचारले तर शर्यतीचे चित्र वेगळे दिसते. जावाने देवनागरीची जुळणी २००२ च्या १.४ आवृत्तीत आणली. फ्लॅशमध्ये जटिल लिप्यांसाठी नवी मजकूर-यंत्रणा आली ती ऑक्टोबर २००८ मधल्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे फ्लॅश बारा वर्षांचे झाल्यावर. सिल्व्हरलाइटने अशा लिप्यांकडे लक्ष दिले २०१० च्या चौथ्या आवृत्तीत. तोवर फ्लॅशमधली मराठी बहुधा अक्षरांची चित्रे करूनच बसवावी लागे. दिसायला सुबक, पण ना शोधता येई, ना दुरुस्त करता येई.

याउलट साधे एचटीएमएल पान अक्षरजुळणीचे काम स्वतः करतच नाही. ते ब्राउझरवर आणि त्याच्यामार्फत संगणकाच्या मूळ प्रणालीवर सोपवते. विंडोजला देवनागरी कळू लागली, त्या दिवशी युनिकोडातले प्रत्येक साधे पान आपोआप मराठी झाले. प्लगिन मात्र ब्राउझरच्या आत आपले वेगळे राज्य मांडून बसत. तिथे प्रत्येक लिपीची सोय नव्याने करावी लागे, आणि मोठ्या बाजाराच्या लिप्यांचा क्रम आधी लागे. मराठीसाठी साधे पान श्रेयस्कर ठरले, त्यामागचे तांत्रिक कारण हे आहे.

सही आणि ॲपलेट

प्लगिनांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ब्राउझरला जे जमत नव्हते, ते त्यांनी करून दाखवले. चलच्चित्र, ध्वनी, पडद्यावरचे रेखाटन या गोष्टींची गोडी लोकांना फ्लॅशनेच लावली. नंतर ब्राउझरने त्या शिकून घेतल्या. सरकारी कामात तर कधी दुसरा इलाजच नव्हता. ई-निविदा भरताना ठेकेदाराला डिजिटल सही करावी लागते आणि त्या सहीची किल्ली असते यूएसबीच्या टोकनमध्ये. सुरक्षेच्या कारणाने ब्राउझरमधल्या साध्या पानाला ते टोकन वाचता येत नसे. म्हणून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या निविदा-प्रणालीसारख्या ठिकाणी जावाचा आधार घ्यावा लागला. ही निवड त्या वेळी चूक म्हणता येत नाही.

पण तिचा हिशेब पुढे चुकता करावा लागला. २००७ मध्ये आलेल्या आयफोनवर फ्लॅश नव्हते. २९ एप्रिल २०१० रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी उघड पत्र लिहून ते का असणार नाही, हे सांगितले. नोव्हेंबर २०११ मध्ये अडोबीने मोबाइल ब्राउझरसाठीचे फ्लॅश थांबवले. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एचटीएमएल ५ हे अधिकृत मानक झाले. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीची प्लगिने पूर्ण बंद केली, मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने फ्लॅशखेरीज बाकीची. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला, ऑक्टोबर २०२१ मध्ये सिल्व्हरलाइटचा, जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररही निवृत्त झाला. मधल्या वर्षांत अनेक कचेऱ्यांत आणि सेवा केंद्रांत जुना ब्राउझर, जुनी जावा जपून ठेवलेला एखादा संगणक 'त्या कामासाठी' राखलेला असे. मोडी वाचणारा एखादाच वृद्ध कारकून कचेरीत जपावा, तसा.

सातबाऱ्याच्या बाबतीत राज्याने केलेली निवड या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. इथे सही शासनाच्या बाजूला होते आणि १५ रुपयांत शेतकऱ्याच्या हाती येते ती तयार पीडीएफ फाइल. पाहणाऱ्याच्या यंत्रावर खास काही बसवावे लागत नाही. खटाटोप सर्व्हरकडे ठेवायचा आणि टोकाच्या माणसाकडे कमीत कमी मागायचे, असे हे धोरण. नशिराबादसारख्या गावात त्याचे मोल शहरापेक्षा जास्त.

फोनवरचे दार

खेड्यांत आंतरजाल पोचले ते संगणकाच्या नव्हे, फोनच्या वाटेने. सुरुवातीच्या साध्या फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत. तेव्हा ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये एक आडबाजूची सोय होती: जटिल लिप्यांचा मजकूर सर्व्हरवरच चित्र करून पाठवण्याची. ती चालू केली की स्वस्तातल्या फोनवरही मराठी पान वाचता येई. अर्थात पान साधे, युनिकोडातले असेल तरच. प्लगिनमधली मराठी तिथे पोचतच नसे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, तोवर फोनही मराठी नीट दाखवू लागले होते.

पण निवडीचा प्रश्न संपलेला नाही. त्याने रूप पालटले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद करी. आता शेतकऱ्याने फोनवरच्या ॲपमधून, बांधावर उभे राहून, छायाचित्रासह ती करायची. जागेची खूण आणि छायाचित्र यांसाठी ॲप सोयीचे, हे खरे. मात्र ॲपला चालण्याजोगा फोन लागतो, त्याची प्रणाली फार जुनी नसावी लागते आणि नवी आवृत्ती वेळोवेळी उतरवावी लागते. प्लगिनच्या काळातल्या 'आधी हे बसवा' या पाटीची ही धाकटी बहीणच. ज्याच्याकडे तसा फोन नाही त्याची नोंद कोण आणि कशी करणार, याची सोय ॲपइतकीच आधी ठरायला हवी. कारण पेरा नोंदला गेला नाही तर नुकसान होते ते शेतकऱ्याचे.

निवडीचा निकष

या इतिहासातून काही निघत असेल तर ते एवढेच. पडद्यावरचे तंत्र निवडताना आत शिरायचे दार जितके पाहतो, तितकेच बाहेर पडायचेही पाहावे. उद्या हे तंत्र बंद पडले तर मजकूर सगळाच्या सगळा काढून घेता येईल का? नशिराबादपासून जवळच असलेल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी त्यांची गाणी साध्या वहीत उतरून घेतली, म्हणून १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. वही कुणालाही उघडता येत होती, हे त्यात महत्त्वाचे.

आणि हा प्रश्न केवळ शासनाचा नाही. नव्वदच्या दशकापासून कित्येक दिवाळी अंक पेजमेकरमध्ये, तुकड्यांच्या फाँटमध्ये जुळवले गेले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्या वर्षांच्या छापील प्रती ग्रंथालयांत आहेत. पण ज्या फाइलींतून त्या छापल्या, त्या उघडणारा संगणक आणि तो फाँट आता किती कार्यालयांत असेल? जिथे तबकड्या अजून शिल्लक आहेत, तिथे त्यांतला मजकूर युनिकोडात उतरवून घेण्याचे काम तंत्रज्ञांचे कमी आणि संपादकांचे अधिक आहे. फाँटची जागावाटणी ठाऊक असलेली, जुळणीच्या टेबलावर बसलेली माणसे आज आपल्यात आहेत. मोडीच्या वेळी अशा माणसांना विचारायला आपण फार उशीर केला होता.